दोन फुल, एक हाफ, एक क्लिअर

एसटीत हाफ म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. बायकांना निम्मं तिकीट झाल्यापासून तर माझ्या गाडीत चढणारी प्रत्येक बाई पायरीवरूनच 'एक हाफ' म्हणते. मी वाशीम जिल्ह्यात एसटीची कंडक्टर आहे. दिवसभर हा शब्द माझ्या तोंडी आणि कानी असतो.

सिकलसेलच्या तपासणीला जावं लागलं तेव्हा हाच शब्द तिथंही भेटला, पण वेगळ्या कामावर. आई आणि बाप दोघांकडून आजाराचा अंश आला तर मूल 'फुल', म्हणजे आजारी. एकाकडूनच आला तर 'हाफ'. हाफ माणूस आजारी नसतो, तो अंश फक्त पुढे देऊ शकतो. काहीच आलं नाही तर क्लिअर. मी हाफ आहे. नवरा हाफ आहे. आमची मुलगी फुल आहे.

मुलगी दीड वर्षाची असताना तिचे हातपाय सुजले तेव्हा हे कळलं. त्यानंतरची वर्षं कशी गेली ते ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांना माहीत आहे, इतरांना सांगून समजणार नाही. थंडी पडली की हाडं दुखतात. पाणी कमी प्यायलं की दुखतात. कधीकधी काहीच कारण नसतं तरी दुखतात, मग जिल्हा रुग्णालय, सलाईन, रक्त. रोज गोळ्या. बाहेर मात्र घरानं एकच वाक्य ठरवलं होतं, 'पोरीले रक्त कमी आहे.' हे वाक्य माझ्या सासूबाईंचं. त्या म्हणत, "पोरीची जात आहे. उद्या लगन कराचं आहे. शिकलबिकल नाव काढू नका." म्हणून घरात हाफ आणि फुल हे शब्द कुणी उच्चारतच नव्हतं. दवाखान्यात मी आणि नवरा जायचो, शब्दही तिथंच ठेवून यायचो. मुलगी शाळेत पाण्याची बाटली दप्तराच्या तळाशी ठेवायची आणि मधल्या सुट्टीत भिंतीमागे जाऊन प्यायची.

ती आठ वर्षांची असताना मला दिवस गेले. गर्भाची तपासणी नागपूरला करून घेतली. तोही फुल निघाला. मी गर्भपात करून घेतला. कायद्यानं त्याला परवानगी होती, डॉक्टरांनी सगळं नीट समजावलं होतं, निर्णय माझा होता. बरं वाटल्यावर मी ड्युटीवर गेले. त्याबद्दल मला रडवायला पुष्कळ जणी येऊन बसल्या, त्यांना चहा देऊन वाटेला लावलं. पण एक पक्कं केलं. या रस्त्यानं मी पुन्हा जाणार नव्हते. जे काय पाहायचं ते गर्भ पोटात रुजायच्या आधी पाहायचं, नाही तर दुसरं मूलच नको.

असं करता येतं हे मला चार-पाच वर्षांनी नागपूरच्याच एका डॉक्टर मॅडमनी सांगितलं. बाईचं बीज बाहेर काढायचं, गर्भ प्रयोगशाळेत तयार करायचा, त्यातल्या चार-दोन पेशी तपासायच्या आणि जो आजारी होणार नाही तोच पोटात ठेवायचा. पहिल्याच भेटीत त्यांनी मागच्या पाटीकडे बोट केलं. गर्भलिंग निदान केलं जात नाही, ही पाटी सगळीकडे असते, तिच्याकडे कुणी पाहत नाही.

"ही वाचून घ्या," त्या म्हणाल्या. "आजार पाहता येतो. मुलगा की मुलगी हे सांगता येत नाही आणि त्यावरून निवडता तर मुळीच येत नाही. माझ्याकडे येणाऱ्या रिपोर्टात ती ओळच नसते. रंग, उंची, हुशारी यांचं तर नावही काढू नका. यापैकी काही हवं असेल तर आत्ताच सांगा, दोघांचाही वेळ वाचेल."

मला ही बाई आवडली. मी म्हटलं, "मला मूल पाहिजे. दुखणारं नको. बाकी काही मागायचं नाही."

इंजेक्शनं, सोनोग्राफी, नागपूरच्या खेपा हे सगळं वगळते. रिपोर्ट आला त्या दिवशी आमचं सोयाबीन कापून शेतात पडलेलं होतं आणि आभाळ भरून आलेलं. नवरा गंजी झाकायला थांबला आणि माझ्यासोबत सासूबाई आल्या. त्या वाईट बाई नाहीत. मुलीचे पाय त्यांनी जितके दाबले तितके मीही दाबले नसतील. पण त्या कधी दवाखान्याच्या आत आलेल्या नव्हत्या, आणि त्या दिवशी मी त्यांना बाहेर बसवायला विसरले.

मॅडम कागद पाहून म्हणाल्या, "चार गर्भ तपासले. दोन फुल आहेत, एक हाफ, एक क्लिअर. फुल दोन्ही ठेवायचे नाहीत, बरोबर?"

"बरोबर."

"मग हाफ आणि क्लिअर. एका वेळी एकच ठेवू. क्लिअरची वाढ थोडी मंद आहे, हाफ छान वाढलाय. आधी कोणता, ते दोघं मिळून ठरवा आणि कळवा. दोघांच्याही सह्या लागतील."

सासूबाई पदर तोंडाला लावून ऐकत होत्या. परतीच्या गाडीत कंडक्टर आमच्या डेपोतलाच होता. मी पास दाखवला आणि म्हटलं, "सासूबाईंचं एक हाफ." सासूबाईंनी त्याला विचारलं, "हाफ म्हंजे बाईचंच ना रे?" तो म्हणाला, "हो मावशी, बायकाईले हाफ, माणसाईले फुल." त्यांनी मान हलवली आणि कारंजा मागे पडलं तरी बोलल्या नाहीत. मला वाटलं, गाडी लागली असेल.

घरी पोचलो. नवरा शेतातून येऊन अंगणात पाय धूत होता. सासूबाईंनी पिशवीही खाली ठेवली नाही.

"दोन पोरं होते," त्या त्याला म्हणाल्या. "दोन्ही फेकाले सांगून आली तुही बायको."

"कोणते पोरं?"

"दोन फुल होते. मॅडमनं फोड करून सांगतलं. एक हाफ होतं. आन एक क्लिअर, म्हंजे रिकामं निंगालं. हिनं दोन्ही फुल नाई म्हनलं. आता हाफ ठेवून राह्यली."

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मला हसू आलं. ते बरं नव्हतं, पण आलं.

"आई, फुल म्हंजे पोरगा नाई," तो म्हणाला. "फुल म्हंजे आजारी. आपली पोरगी फुल आहे."

"पोरगी कुठी फुल असते काय?"

"आत्याबाई," मी म्हटलं, "तो शब्द रक्ताचा आहे. तिकिटाचा नाही."

"मले येडी समजून राह्यली काय तू? डाक्टर लोक असंच बोलते. उघडं सांगतलं तं जेल होते त्याईले. कोनी जिलबी म्हन्ते, कोनी लाडू म्हन्ते. त्या मॅडमनं हाफ-फुल केलं. मले सगळं समजते."

मी तीन वेळा समजावलं, मग सोडून दिलं. इशाऱ्यावर त्यांचा भरवसा होता, सरळ बोलण्यावर नव्हता. आमच्या भागात सरळ सांगितलेली गोष्ट खरी असते असा अनुभवच कमी.

खरं भांडण माझं आणि नवऱ्याचं झालं, आणि ते वेगळ्याच गोष्टीवर.

"इतकं सगळं करून हाफच कायले ठेवाचा?" तो म्हणाला. "क्लिअर आहे ना."

"क्लिअर नीट वाढला नाही. रुजायची आशा कमी आहे. हाफ चांगला वाढला."

"तरी. एकदाचं घरातून जाऊ दे ना हे."

"तुमी हाफ आहात. काय कमी आहे तुमच्यात?"

"माह्या लग्नात कोनी इचारलं नाई. याच्या लग्नात इचारतीन."

पोटात नाही, बशीत असलेल्या जिवाचं लग्न मोडायच्या भीतीनं माझा नवरा बसला होता. मी त्याला म्हटलं, पोहरादेवीच्या जत्रेला जादा गाड्या सोडतात तेव्हा मी उजाडायच्या आधी उभी राहते आणि अंधार पडल्यावर बसते. गाडीत पाय ठेवायला जागा नसते, त्या गर्दीत शेवटच्या सीटपर्यंत तिकीट फाडून येते. हे हाफ शरीर आहे. याला कुणी बशीत ठेवून तपासलं असतं आणि म्हटलं असतं, ठीक आहे पण शंभर टक्के नाही, बाजूला सारा, तर? आजारी मूल जन्माला घालायचं नाही, हे मी ठरवलं आणि त्याची सही मी करते. पण निरोगी मुलाला नुसतं डाग आहे म्हणून मागे ठेवायचं, ही सही माझ्याकडून होणार नाही. तो चांगला वाढलाय, तोच आधी जाईल.

त्यानं मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, हाफ म्हणजे रुग्ण नाही, पुढे लग्नाच्या वेळी समोरच्याचं रक्त तपासलं की झालं, बाकी निर्णय तुमचा. तो नागपूरला येऊन सही करून गेला. सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

गर्भ रुजला. सुरुवातीचे काही महिने मी ऑफिसात बसून काम केलं. बरं चाललंय असं पाहून मला जवळच्या फेऱ्या मिळाल्या. तिथं कळलं की सासूबाईंचा अर्थ माझ्या आधी रिठद गावापर्यंत पोचलाय. एक बाई तिकीट घेता घेता माझ्या कानाशी आली.

"ताई, त्या मॅडमचा नंबर द्या ना. माह्या सुनेले फुल पायजे."

मी विचारलं, "कोणाले?"

"सुनेले. दोन पोरी झाल्या तिले. आता एक फुल भेटला म्हंजे बस."

"फुल कोणालेच नको असते, बाई."

"तुमाले नसंन," ती म्हणाली आणि सुटे पैसे मोजून घेतले.

त्या दिवसापासून मला झोप लागेना म्हणणार नाही, झोप लागत होती. पण हिशेब डोक्यात बसला. ही बडबड कुणी तक्रार म्हणून वर नेली तर त्या डॉक्टरची मशीन सील होणार, परवाना जाणार. जिनं माझ्यासमोर पहिल्या दिवशी पाटीवर बोट ठेवलं, तिचा. आणि माझ्यासारख्या ज्या बायकांना आजारासाठी खरंच तिच्याकडे जायचं आहे, त्यांचं दार बंद. हे थांबवायचा मार्ग एकच होता. फुल म्हणजे काय, ते चारचौघींत सांगायचं. आणि ते सांगायचं म्हणजे माझ्या घरात फुल कोण आहे, हेही सांगायचं.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं. मला नको होतं, पण सासूबाई एवढं रुसूनही त्यात मागे हटल्या नाहीत, ओटी त्यांनाच भरायची होती. हिरवी साडी, फुलांचे दागिने, घर भरून बायका. शेवटी माझ्या जावेनं दोन झाकलेल्या वाट्या पुढे ठेवल्या. एकीत पेढा असतो, एकीत बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. मी डावीकडची उघडली. बर्फी. बायका हसल्या. जाऊ म्हणाली, "आता दुसरी उघड."

दुसरीतही बर्फीच होती.

"खेळच नाई राह्यला बाप्पा," जाऊ म्हणाली. "हे तं आधीच हाफ काढून आली नागपूरहून. पेढे कायले वाया घालवाचे?"

पुन्हा हशा. सासूबाई हसल्या नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावर 'मी म्हणत नव्हते का' हे स्पष्ट लिहिलेलं होतं. मी उठले आणि स्वयंपाकघरात गेले. मुलगी मठ्ठा ग्लासांत ओतत होती. तेव्हा ती चौदाची होती.

"सांगू काय?" मी विचारलं.

"काय?"

"फुल म्हंजे काय ते."

तिनं जग खाली ठेवला. "आजी बोंबलीन."

"आजीचं मी पाहतो. पण नाव तुहं निंगन. तुले नको असन तं नाई सांगत, बाहेर जाऊन गुपचाप बसतो."

तिनं ग्लास ताटात मांडले. "सांग. पन बिचारी आहे असं नको सांगू."

मी बाहेर आले. गाडीत सगळ्यांना ऐकू जावं म्हणून जो आवाज लावते तोच लावला. म्हटलं, "फुल म्हणजे पोरगा नाही. हाफ म्हणजे पोरगी नाही. हे सिकलसेल आजाराचे शब्द आहेत. मी हाफ, माझे मालक हाफ. माझी मुलगी फुल आहे, तिला सिकलसेल आहे, रक्त कमी नाही. नागपूरला दोन गर्भ आजारी निघाले ते मी ठेवले नाहीत. जो ठेवला तो आजारी नाही. तो मुलगा आहे की मुलगी, हे मला माहीत नाही, डॉक्टरनं सांगितलेलं नाही आणि मी विचारलेलंही नाही. ज्यांना फुल पाहिजे त्यांनी आधी माझ्या घरी थंडीत राहायला यावं."

बाहेरच्या ओट्यावर पुरुष बसले होते, त्यांनीही ऐकलं. मग सासूबाई बोलल्या, अगदी हळू. "झालं. माईनंच पोरीचं लगन तोडलं."

"चौदा वर्षांची आहे ती, आत्याबाई," मी म्हटलं. "तोडायला अजून जुळवलं कोणी?"

जावेनं वाट्या उचलायला हात पुढे केला. मी म्हटलं राहू दे, आणि दोन्ही वाट्यांतली बर्फी खाल्ली. भूक लागली होती.

नवरा आठवडाभर माझ्याशी कामापुरतं बोलला. नात्यातल्या एका घरानं आमच्याकडे येणं बंद केलं, जणू सिकलसेल मठ्ठ्यातून लागतो. दुसरीकडे दोन बायका परसदारानं येऊन विचारून गेल्या की ही रक्ताची तपासणी कुठं होते, फुकट होते का, नवऱ्यालाही न्यावं लागतं का. होते, फुकट होते, न्यावं लागतं. गाडीत रोज येणारे एक रिटायर मास्तर आहेत, त्यांनी मला वाशीमपर्यंत उपदेश केला. म्हणाले, आज तुम्ही आजार निवडता, उद्या लोक गोरा रंग निवडतील, हुशारी निवडतील, माणसाची बाजारपेठ होईल. मी म्हटलं, मास्तर, तुमचं खरं आहे, म्हणूनच कायद्यानं रेघ ओढून ठेवली आहे, आणि ती पुसू देऊ नका. पण मी रेघेच्या अलीकडे आहे. तुम्ही दुरून पाहताय म्हणून तुम्हाला आम्ही सगळे सारखेच दिसतो. त्यावर त्यांनी पेपर उघडला.

बाळ झालं. मुलगा की मुलगी, ते मी इथं लिहीत नाही. मुलगी म्हटलं तर सासूबाईंचा इशारा खरा ठरतो, मुलगा म्हटलं तर मी निवडून आणला असं होतं. गावाला माहीत आहे, तुम्हाला माहीत नसलं तरी चालेल. रक्त तपासलं, हाफ आहे, दूध पितं, रडतं जोरात.

मुलीनं तिचा प्रश्न तोपर्यंत राखून ठेवला होता. एका सकाळी शाळेच्या आधी मी तिची वेणी घालत होते, तेव्हा म्हणाली, "ते दोन फुल कुठी गेले?"

"ठेवले नाही. मी सही केली."

"मी त्याईच्यात असती तं?"

तिला खोटं सांगणं सोपं होतं. तिच्या शाळेतल्या बाईंनी सांगितलं असतं, मावशीनं सांगितलं असतं. "तं तू नसती," मी म्हटलं. "तवा मले माहीत नव्हतं. माहीत असतं तं तू नसती. आता तू आहेस, तं तुह्या जागी मले दुसरं कोनी चालत नाई. दोन्ही खरं आहे. मले जुळवता येत नाई, तुले आलं तं सांग."

ती म्हणाली, "दुखते तवा मलेबी वाटते, नसती तं बरं. बाकीच्या दिवशी नाई वाटत."

"बाकीचे दिवस जास्त आहेत का?"

"आहेत." मग म्हणाली, "मी मोठी झाली तं मलेबी असं निवडता येईन?"

"येईन."

"आन मी फुलच ठेवला तं?"

इतक्या लोकांना मी ठणकावून सांगितलं होतं की निर्णय माझा, सही माझी. हे कुणी मलाच विचारेल असं वाटलं नव्हतं.

"तं मी भांडीन तुह्याशी," मी म्हटलं. "सगळ्याईच्या आधी मी भांडीन."

"मंग?"

"मंग काय. सही तुही राहीन."

"नवऱ्याचीबी लागते."

"लागते. तसा पाहूनच कर."

ती हसली नाही. मग म्हणाली वेणी घट्ट झाली, डोकं ओढून राह्यलं. मी सोडली आणि पुन्हा घातली. तिनं पाण्याची बाटली भरली, दप्तराच्या बाहेरच्या कप्प्यात उभी खोचली आणि शाळेत गेली.